ल्योकेनच्या वाळूतले जर्मन बंकर: ठेवावेत की काढावेत?

मुक्काम_आरहूस
डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यावरचं ल्योकेन हे सुट्टीला जायचं गाव. उन्हाळ्यात पुळणीवर पांढऱ्या लाकडी खोल्यांची रांग लागते आणि त्याच किनाऱ्यावर जर्मनांचे काँक्रीटचे बंकर कलंडून पडलेले दिसतात. जर्मनीने ९ एप्रिल १९४० ला डेन्मार्क घेतलं. पुढे १९४२ मध्ये नॉर्वेपासून स्पेनच्या सीमेपर्यंत 'अटलांटिक भिंत' उभारायचा हुकूम निघाला. हे तिचेच अवशेष. बांधले तेव्हा वाळूच्या टेकाडांत होते. समुद्राने टेकाडं खाल्ली आणि बंकर खाली आले.

२०१३ मध्ये सरकारने या पश्चिम किनाऱ्यावरचे बरेच बंकर फोडून उचलले, कारण पोहणाऱ्यांना धोका. उरलेलेही काढा म्हणणारे आहेत. माझं मत: काढू नयेत. जर्मन ताब्यातल्या त्या पाच वर्षांचं येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेत भरेल असं पुळणीवर दुसरं काय आहे?

स्थापत्य_अभियंता
असहमत. खारं पाणी काँक्रीटमध्ये मुरतं, सळई गंजते, गंजली की फुगते आणि वरचा थर फोडून बाहेर येते. दोन-दोन मीटर जाडीच्या भिंती आहेत या, म्हणजे सळया किती असतील बघा. यातले काही पाण्यातच पडलेत. गुडघाभर पाण्यात पळणाऱ्या पोराला वाकडी सळई दिसणार कशी? इतिहासासाठी कुणाचा पाय फाटावा, हे मला पटत नाही.

कोकणी_माणूस
जंजिरा सिद्दीचा, कोर्लई पोर्तुगीजांचा. दोन्ही आपल्यावर रोखलेले. म्हणून ते पाडा असं कुणी म्हणतं का? शत्रूने बांधलं तरी किनारा आपला आहे. धागाकर्त्यांना +१.

सागरवेळा
@कोकणी_माणूस, ही तुलना मला मान्य नाही. कोर्लईच्या पायथ्याशी आजही पोर्तुगीजमिश्रित बोली बोलणारी वस्ती आहे. जंजिऱ्यात पिढ्या नांदल्या. बंकरमध्ये काही वर्षं सैनिक राहिले, ज्या हल्ल्याची वाट बघत होते तो या किनाऱ्यावर आलाच नाही, आणि मे १९४५ मध्ये सगळं संपलं. डेन्मार्कने याची आठवण पुसली असंही नाही. हान्स्टहोल्मला ३८ सेंटिमीटरच्या चार तोफांचा अख्खा तळ संग्रहालय म्हणून जपलाय. नॉर्वेच्या किनाऱ्यावर तसाच दुसरा तळ होता. दोघांनी मिळून मधली सामुद्रधुनी अडवायची, अशी योजना. तिथे जाऊन माणूस दोन तासांत जे शिकेल, ते ल्योकेनच्या तुटक्या ठोकळ्यावर चादर वाळत घालून शिकणार आहे का?

मुक्काम_आरहूस
@सागरवेळा, हान्स्टहोल्म चांगलंच आहे. पण तिथे नजर तोफांवर जाते. ल्योकेनसारख्या ठिकाणी प्रश्न पडतो तो वेगळा: एवढं काँक्रीट ओतलं कुणी? बरंचसं डॅनिश ठेकेदारांनी आणि डॅनिश मजुरांनी. पैसा जर्मन सैन्याच्या नावे डेन्मार्कच्याच राष्ट्रीय बँकेतून निघाला आणि शेवटी तो बोजा डॅनिश जनतेवर पडला. मजूर बेकार होता, पगार बरा होता, त्याला मी दोष देणार नाही. ठेकेदारांनी मात्र गडगंज कमावलं, आणि युद्धानंतर त्यातल्या काहींवर खटले चालले. ही गोष्ट गावागावांतली आहे. ती एका संग्रहालयात नेऊन ठेवली की गाव मोकळं होतं. मला ते नको आहे.

आणखी एक. २००८ मध्ये याच पश्चिम किनाऱ्यावर होविगला वाळूखालून न लुटलेले बंकर निघाले. आत मोजे, तंबाखू, दौती, सगळं तसंच.

स्थापत्य_अभियंता
आणि ते सामान कुठे गेलं? संग्रहालयातच! वाळूत ठेवलं असतं तर एका हिवाळ्यात कुजलं असतं. तुमचंच उदाहरण माझ्या बाजूचं आहे.

दीपस्तंभ
याच पश्चिम किनाऱ्यावरच्या ब्लोवँडने शोधलेल्या तोडग्याचा विषय कुणीच काढला नाही इथे. १९९५ मध्ये, मुक्ततेला पन्नास वर्षं झाली तेव्हा, बिल वुड्रो या ब्रिटिश शिल्पकाराने तिथल्या बंकरांना लोखंडी डोकी आणि शेपट्या बसवून त्यांची खेचरं केली. खेचराला पिल्लं होत नाहीत. युद्धाचीही पैदास थांबावी, हा विचार. मुलं त्यांच्या पाठीवर चढतात. बंकर जागेवर राहिला आणि कुणीतरी त्याला उत्तरही दिलं. मला हे फार आवडलं.

सागरवेळा
खेचरं सुंदर आहेत, पण प्रत्येक ठोकळ्याला शिल्पकार कुठून आणणार? ल्योकेनजवळच्या रुब्येर्गचं दीपगृह समुद्रात पडू नये म्हणून २०१९ मध्ये रुळांवरून सुमारे सत्तर मीटर आत सरकवलं. खर्च करायचा तर असल्या गोष्टीवर करावा.

मुक्काम_आरहूस
बंकर सरकवा असं मी म्हणतच नाही. समुद्र नेईल तेव्हा नेऊ दे. आपण होऊन यंत्र लावू नका, एवढंच. सळयांचं म्हणणं मात्र बरोबर आहे: पाण्यातल्या सळया दर वसंतात कापाव्यात आणि प्रत्येक बंकरपाशी फलक लावावा, त्यावर ठेकेदाराच्या कंपनीचं नाव असावं.

स्थापत्य_अभियंता
नावाचा फलक लावा, माझी ना नाही. पण सळया दरवर्षी नव्याने उघड्या पडतात, एक वादळ पुरतं. पाण्यातले काढा, वाळूवरचे ठेवा. याहून पुढे मी येणार नाही.