एलिझाबेथ स्ट्रिकलंडचं नाव आता छापावं का?

काठावरचा: 'इंग्लंडच्या राण्यांची चरित्रं' हे १२ खंडांचं काम १८४० ते १८४८ या काळात निघालं आणि धडाक्यात खपलं. इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमची राणी मटिल्डा, तिच्यापासून राणी ॲनपर्यंत सगळ्या जणी त्यात आहेत. नाव एकट्या ॲग्नेस स्ट्रिकलंडचं, पण निम्म्याच्या आसपास लेखन थोरल्या बहिणीचं, एलिझाबेथचं. नाव नको असं तिनंच सांगितलं होतं, मान्य. तरी नवी आवृत्ती निघाली तर दोघींची नावं यावीत. एकीनं राबायचं आणि दुसरीनं इतिहासकार म्हणून मिरवायचं, हे किती दिवस?

पानसुपारी: 'मिरवायचं' काय! एलिझाबेथ दबलेली बाई नव्हती. लंडनमध्ये राहून नियतकालिकाचं संपादन करायची. तिला गाजावाजा नको होता, एवढंच. तिनं नाही म्हटलेलं आपण हो कसं करणार?

काठावरचा: त्या काळी बायकांना नाव छापणं सोपं होतं का? वडील १८१८ मध्ये गेले, पैशांची चणचण. अशा घरातली 'इच्छा' कितपत खरी धरायची?

पानसुपारी: त्याच घरातल्या बहिणी सुझॅना मूडी आणि कॅथरिन पार ट्रेल १८३२ मध्ये कॅनडाला गेल्या, स्वतःच्या नावानं लिहून तिथं नावारूपाला आल्या. ॲग्नेसचं तर विचारूच नका. घरात नावाची लाज कुणाला होती?

मोडीमित्र: तुम्ही दोघं मानापमानात अडकलात. प्रश्न वाचकाचा आहे. इतिहासकारानं मतं नव्हे, तथ्यं द्यावीत असा या बहिणींचा बाणा. प्रत्यक्षात ॲग्नेस स्कॉटलंडची राणी मेरी हिची बिनफीची वकील, १८४२ पासून तिची पत्रंही छापली. मग कुठलं प्रकरण कुणाचं हे कळल्याशिवाय पक्षपात कुणाच्या माथी मारायचा? आणि या बायका ऐकीव गोष्टी लिहीत नव्हत्या. ब्रिटिश मंत्री लॉर्ड जॉन रसेल यांनी सरकारी कागद दाखवायला आधी नकार दिला, तरी चिकाटीनं परवानगी मिळवलीच. पॅरिसमध्ये फ्रेंच मंत्री गिझो यांनी दफ्तरं खुली करून दिली. कागद कुणी वाचला हे नोंदलं गेलं पाहिजे.

पानसुपारी: मग परिशिष्टात तक्ता द्या ना, कोण अडवतंय? शीर्षकपानाला हात लावू नका. ॲग्नेस १८७४ मध्ये गेली, एलिझाबेथ १८७५ मध्ये. बहीण गेल्यावर तरी बोलली असती.

काठावरचा: ऐंशीच्या घरातली बाई बहिणीच्या माघारी हक्क सांगायला उठेल? भलतीच अपेक्षा. आणि परिशिष्ट उघडतंय कोण! ग्रंथालयाच्या यादीत शीर्षकपानावरचंच नाव चढतं.