मदत हवी आहे: सुट्या भागांतून इलेक्ट्रिक गिटार, बॉडीला जुनं सागवान चालेल का?

नमस्कार. इथे गिटार वाजवणारे बरेच आहेत. त्यातल्या कोणी बनवलीही असेल, या आशेवर विचारतोय.

वाजवतो बऱ्यापैकी. तारा बदलणं, ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) थोडा फिरवून नेक, म्हणजे गिटारची मान, सरळ करणं, एवढं घरी जमतं. आता स्ट्रॅटोकास्टरच्या धर्तीची एक गिटार सुटे भाग जोडून करायची आहे. हीच धर्ती निवडली कारण लिओ फेंडर यांनी १९५४ साली ती बाजारात आणली तेव्हापासून तिची नेक बॉडीला चिकटवलेली नसते, स्क्रूंनी आवळलेली असते. म्हणजे काही बिनसलं तर खोलून परत बसवता येईल.

हातात सध्या एवढं आहे: मेपलची तयार नेक, वर शिसवीचं फिंगरबोर्ड, २२ फ्रेट (आडव्या पट्ट्या), स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, साडेपंचवीस इंच. तारांची थरथर पकडणारे तीन सिंगल कॉइल पिकअप आणि कान पिळायच्या खुंट्यांचा सेट. ब्रिज, म्हणजे बॉडीवर तारा टेकतात तो भाग, अजून घेतलेला नाही. मित्राकडचा सोल्डरिंग गन वापरायला मिळेल.

घोडं अडलंय बॉडीपाशी. आमची गिरगावातली चाळ रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा आईने दाराच्या सागवानी फळ्या भंगारात द्यायला साफ नकार दिला. तेव्हापासून त्या कपाटामागे उभ्या आहेत आणि घरातला प्रत्येक पाहुणा त्यांचं काय करणार हे विचारून जातो. फळी जेमतेम दीड इंच जाड आहे, बॉडीला पावणेदोन लागतं. सोसायटीत फर्निचरचं काम करणारे सुतारकाका म्हणाले, "आकार काढून द्या, दोन दिवसांत कापून देतो." त्यांचा आत्मविश्वास बघूनच मी घाबरलोय. क्वीन बँडच्या ब्रायन मे यांनी १९६३ साली वडिलांबरोबर गिटार करायला घेतली, तिची नेक जुन्या शेकोटीच्या महोगनीतून कोरली होती. तेव्हा दाराची गिटार हा काही जगातला पहिला वेडेपणा नाही. पण त्यांच्याकडे वडील होते आणि ते इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर होते.

बाहेरून अल्डर लाकडाची तयार बॉडी मागवायची तर भाडं आणि कस्टम मिळून किती होईल ते पार्सल दारात आल्यावरच कळतं. म्हणून विचारतो: सागवान फार जड होईल का? ब्रिज कुठला घ्यावा, ट्रेमोलो (दांडीने हलणारा) की स्थिर? वायरिंगचं सामान लॅमिंग्टन रोडला मिळतं का? आणि पॉलिश आत्ता पावसात करून घेतलं तर चालेल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १

सागवान चालेल, पण जड होणार हे धरून चला. अल्डर घनमीटरला साधारण ४५० किलो भरतं, सागवान ६५० च्या आसपास. अल्डरची जी बॉडी १.८ किलोची होते तीच सागवानात २.६ च्या घरात जाते. त्यात नेक आणि लोखंड मिळवा आणि तासभर उभं राहून वाजवून बघा, म्हणजे खांदा उत्तर देईल.

तुमच्या जाडीच्या आणि वजनाच्या दोन्ही अडचणींवर एकच उपाय आहे. दीड इंची फळीत मधल्या पट्ट्याच्या डाव्या-उजव्या बाजूला वरून राउटरने (लाकूड कोरायच्या मशीनने) पोकळ्या काढा. मधला पट्टा, म्हणजे नेकच्या खाचेपासून ब्रिजच्या मागेपर्यंतचा, भरीव ठेवा. मग त्याच दारातून पाव इंची पातळ फळी काढून वर झाकण म्हणून चिकटवा. दीड आणि पाव, झाले पावणेदोन. एक तोटा मात्र आहे. स्ट्रॅटला हात टेकवायला जो उतार असतो तो दिला तर झाकण कापलं जाईल आणि जोड उघडा पडेल. त्यामुळे वरून सपाट ठेवा, फेंडरच्याच टेलिकास्टरसारखी.

सागवान तेलकट असतं. रंधा मारल्यावर चिकटवायच्या जागा अ‍ॅसिटोनने पुसा आणि लगेच फेव्हिकॉल लावून क्लॅम्प करा. उद्यावर ठेवलंत तर तेल परत वर येतं. आणि काकांच्या हातात फळी द्यायच्या आधी लोहचुंबक फिरवा. जुन्या दारात डोकी तुटलेले खिळे रंगाखाली बसलेले असतात. राउटरचा बिट त्यावर आपटला तर बिट जातो आणि काकाही जातात.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत, पण मुळात क्रम चुकतोय. ब्रिज हातात नसताना बॉडी कापायला घेणं म्हणजे आधी कळस मग पाया. नेक आणि ब्रिज या दोन वस्तूंवरून बॉडीची सगळी मापं निघतात. कॅटलॉगमधली मापं घेऊ नका, व्हर्नियर घेऊन स्वतःच्या नेकची टाच मोजा. ठरलेलं माप सव्वादोन इंचाला अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) कमी, म्हणजे ५६ मिमीच्या जरा खाली. खाच पाच सूत खोल, १६ मिमी. पण स्वस्त नेकमध्ये अर्धा मिमी इकडेतिकडे सर्रास असतं. खाच इतकी घट्ट हवी की बसवलेली नेक धरून उचलली तर बॉडी स्क्रूंशिवायही क्षणभर लटकली पाहिजे.

सुतारकाकांना थेट लाकडावर हात घालू देऊ नका. आधी १२ मिमी एमडीएफचा साचा करा, त्यात नेक बसवून बघा, घट्ट-सैल झालं तर दुसरा साचा. एमडीएफ फुकट गेलं तर शंभर-दोनशेचं जाईल, दार एकच आहे. साचा जमला की तो फळीवर ठोकून बेअरिंगवाल्या बिटने फिरवायचं. हे काम फर्निचरवाले रोज करतात, त्यांना फक्त साचा नेमका हवा.

ब्रिज स्थिर घ्या. ट्रेमोलोला मागून स्प्रिंगची पोकळी लागते, पुढे ब्लॉकसाठी आरपार भोक लागतं, आणि एक तार सुरात लावली की बाकीच्या तारांचे सूर हलतात. पहिल्या गिटारला तो ताप नको. गिब्सन पद्धतीचा ट्यूनोमॅटिक दिसायला देखणा, पण उंच असतो. तुमची सपाट बसणारी नेक त्याच्याशी जुळणार नाही, ती मागे कलती करावी लागेल.

ब्रिजची जागा सगळ्यात शेवटी, नेक आवळून झाल्यावर. नटपासून (खुंट्यांकडच्या टोकाला तारा टेकतात ती खाचांची पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंत मोजा, ३२४ मिमी आलं पाहिजे. त्याच्या दुप्पट अंतरावर, ६४८ ला, सगळ्यात बारीक तारेचं सॅडल, म्हणजे ब्रिजवरचा तिचा सरकता टेकू, येतं. ते सॅडल जवळजवळ पूर्ण पुढे आणून ठेवा, कारण जाड तारांची सॅडल मागे सरकवावी लागतात आणि त्यांना जागा हवी. मग नटच्या दोन्ही टोकांच्या खाचांतून शिवणाचा दोरा ओढून ब्रिजपर्यंत ताणा. फिंगरबोर्डच्या दोन्ही कडांपासून दोरा सारखा दूर दिसला की पेन्सिलने खूण करा, चहा प्या, परत एकदा बघा आणि मगच ड्रिल.

नेकच्या स्क्रूंना बॉडीतलं भोक सैल हवं, म्हणजे स्क्रू त्यातून नुसता सरकला पाहिजे. आटे फक्त नेकच्या लाकडात धरायचे. दोन्हीकडे आटे पडले तर मधे फट राहते आणि कितीही आवळा, नेक बसत नाही. मेपल कडक असतं, त्यात ३ मिमीचं भोक आधी पाडा आणि स्क्रूला मेण किंवा साबण चोळा, नाहीतर डोकं तुटून हातात येईल.

प्रतिसाद ३

वायरिंगचं बोलतो. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत २५०के (किलो-ओहम) पॉट, म्हणजे नॉबखालचा आवाज किंवा टोन कमी-जास्त करणारा भाग, मागितलात की बरेचदा २२०के पुढे करतात. घ्या, फरक पडत नाही. पॉटचा स्वतःचा रोध वीस टक्के वर-खाली असतोच. बघायचं ते अक्षर. व्हॉल्यूमला ए, म्हणजे लॉग, घ्या. बी घेतलात तर नॉबच्या शेवटच्या वळणात सगळा आवाज एकदम जातो. टोनला ०.०२२ किंवा ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, अगदी साधा पॉलिएस्टरचा. पिकअप निवडायचा फाइव्ह-वे स्विच मात्र गिटारच्या दुकानातून घ्या.

पॉटच्या पाठीवर अर्थची (अर्थिंगची) वायर जोडताना २५ वॅटची गन पुरत नाही. पाठ नुसती कोमट होते, सोल्डर गोळा होऊन बसतं आणि दुसऱ्या दिवशी सुटतं. ४० ते ६० वॅट हवी, आणि आधी पाठ पॉलिशपेपरने घासून घ्या. सिंगल कॉइल ५० हर्ट्झची घरघर पकडणारच, त्यामुळे पोकळीला आतून तांब्याची चिकटपट्टी लावा आणि ती अर्थला जोडा. ब्रिजखालून एक तार अर्थला न्यायला विसरू नका. तिच्यासाठी भोक ब्रिज बसवण्याआधी पाडायचं असतं, हे सगळ्यांना नंतर आठवतं.

प्रतिसाद ४

पॉलिश आत्ता अजिबात नको. हवेत एवढी ओल असताना एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर मारलं तर पांढरट धुकं धरतं, हे कुठलाही पॉलिशवाला सांगेल. लाख पॉलिश दिसतं छान, पण मुंबईच्या घामाने हाताखाली चिकट होतं. दसऱ्यानंतर पीयू (पॉलियुरेथेन) मारून घ्या, किंवा मग तेल. सागवानाला तेल शोभतंही.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. लोहचुंबक फिरवला, वरच्या बिजागरीजवळ दोन ठिकाणी चिकटला. तेवढा भाग सोडून आकार बसतोय. पोकळीचं आणि झाकणाचं सुतारकाकांना पटलं, साच्याचं मात्र पटवावं लागतंय. त्यांचं म्हणणं, एवढं नाजूक काम ते देव्हाऱ्यालाच करतात. वायरिंग दिवाळीच्या सुट्टीत करेन. स्थिर ब्रिज बघायला गेलो तर दोन प्रकार दिसले: एकात तारा बॉडीच्या मागून आरपार येतात, दुसऱ्यात ब्रिजच्या मागच्या कडेतूनच. कुठला घ्यावा?

प्रतिसाद २

कडेतला. आरपारवाल्याला सहा भोकं एका रेषेत काटकोनात पाडावी लागतात, त्याला उभं ड्रिल मशीन हवं. हाताच्या ड्रिलने मागची रांग वाकडी येते आणि ती मग जन्मभर दिसते. काकांच्या ओळखीत कोणाकडे ड्रिल प्रेस असेल तर बिनधास्त आरपार घ्या, मधला पट्टा भरीव ठेवलाच आहे.