सत्ताविसाव्या वर्षी नोकरी सोडून एलएलबीला प्रवेश घ्यावा का?

प्रश्न

नमस्कार. वाणिज्य शाखेची पदवी घेतल्यानंतर गेली पाच वर्षे मी पुण्यातील एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात काम करीत आहे. आमच्या वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपाच्या दाव्यासाठी वडिलांबरोबर शिवाजीनगरच्या न्यायालयात अनेक तारखांना गेले, आणि तेव्हापासून हे काम आपल्याला जमेल, किंबहुना आवडेल, असे सतत वाटते. कायद्याच्या प्रवेशपरीक्षेची, म्हणजे सीईटीची, तयारी सुरू आहे. मात्र घरचा निम्मा खर्च माझ्या पगारावर चालतो. नोकरी सांभाळून तीन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करता येईल का, आणि पुढे न्यायाधीशपदाची परीक्षा हे ध्येय ठेवावे का?

उत्तर (वकील, शिवाजीनगर)

ताई, हिशेब तीन वर्षांचा नव्हे, निदान सहा वर्षांचा मांडा. पदवीनंतर महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची सनद (वकिलीचा परवाना) आणि ऑल इंडिया बार परीक्षा हे टप्पे आहेत. सनद असताना पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ च्या निकालानुसार कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांची वकिलीही आवश्यक आहे. शहरातील ज्युनिअरला, म्हणजे ज्येष्ठ वकिलाच्या हाताखालच्या नवख्या वकिलाला, दरमहा किमान २०,००० रुपये विद्यावेतन द्यावे, असे बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये सुचवले. पण ती शिफारस आहे, सक्ती नाही, आणि माझ्या पाहण्यातील अनेक ज्युनिअरना याहून बरेच कमी मिळते.

आपल्या दाव्यात तुम्ही पक्षकार म्हणून जीव ओतून बसलात. आता रजा टाकून चार दिवस अशा कोर्टात बसा जिथे तुमचे कोणीही नाही. बोर्डावरची, म्हणजे त्या दिवसाच्या यादीतली, प्रकरणे एकामागून एक पुकारली जातात, कित्येकांत पुढची तारीख पडते, आणि ज्युनिअर मुदतीचा अर्ज लिहितो, रोजनामा (कामकाजाची रोजची नोंद) पाहतो, कागदपत्रांच्या नकलांसाठी खेटे घालतो. युक्तिवाद आणि उलटतपासणी त्याच्या वाट्याला फार उशिरा येते. परक्या माणसाची कैफियत वाचतानाही तुमचे मन तितकेच लागत असेल, तर अवश्य या. मला तरी दुसरी कोणतीही कसोटी खात्रीची वाटत नाही.

उत्तर (कंपनीच्या विधी विभागात कार्यरत)

मीही नोकरी करतानाच प्रवेश घेतला होता. किमान ७० टक्के हजेरीचा नियम मी गांभीर्याने घेतला नाही, पहिल्याच सत्रात हजेरी कमी पडली आणि अखेर नोकरी सोडावी लागली. त्यामुळे प्रवेशापूर्वीच निदान वर्षभराचा घरखर्च बाजूला ठेवावा, असे कळकळीने सांगते. केवळ न्यायाधीशपद डोळ्यांसमोर ठेवून मात्र येऊ नका. जीएसटी आणि आयकराच्या वादांत ताळेबंद वाचता येणाऱ्या वकिलाला मान असतो. तुमची पाच वर्षे तिथे वाया जाणार नाहीत.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. सोमवारपासून चार दिवस रजा घेतली आहे. कोर्टात बसण्यासाठी कोणाची परवानगी घ्यावी लागते का?

उत्तर (वकील, शिवाजीनगर)

सर्वसाधारणपणे नाही, न्यायालयाचे कामकाज खुले असते. कौटुंबिक वाद किंवा बंद दाराआड चालणारी प्रकरणे टाळा, फोन बंद ठेवा आणि मागच्या बाकावर बसा. साक्षीपुरावा चालू असलेले कोर्ट मिळाले, तर तिथून दुपारपर्यंत हलू नका.