हरिश्चंद्रगड एका दिवसात, खिरेश्वर ते खिरेश्वर : वेळेचं गणित बसतंय का?

डोंगरयात्री_डोंबिवली
मंडळी, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हरिश्चंद्रगड एका दिवसात करायचं चाललंय, गडावर मुक्काम नाही. पाच जण आहोत. सगळ्यांचं कळसूबाई झालंय, दोघांची चाल संथ आहे. मार्ग असा: खिरेश्वर गाव, टोलार खिंड, गडावरचं हरिश्चंद्रेश्वर मंदिर, तारामती शिखर, कोकणकडा आणि त्याच वाटेने परत.

कल्याणहून पहाटेची आळेफाट्याकडे जाणारी एसटी, खुबी फाट्याला उतरून साडेआठपर्यंत चढाईला सुरुवात, मंदिरात साडेबारा, तारामती, मग कोकणकड्यावर सूर्यास्त आणि रात्री साडेनऊपर्यंत खाली. जमेल का? माणशी पाणी किती? खिंडीच्या वर लोखंडी रेलिंग लावलेला कातळटप्पा आहे, तिथे दोर लागतो का? आणि एकाचा हट्ट आहे की नळीच्या वाटेनेच, म्हणजे कोकणातून नाळेने वर येणाऱ्या वाटेनेच चढू.

कातळवेडा
सूर्यास्त काढून टाका, बाकी सगळं बसतं.

या वाटेचा चढ अवघड नाही. खिरेश्वरहून तारामती (१४२९ मी.) म्हणजे सातशे मीटरच्या आसपास उंची, कळसूबाई केलेल्यांना ती झेपते. माणसं थकतात ती खिंडीच्या वरच्या पठारावर. एक टेकडी चढलात की पुढे दुसरी, मधे उतार, परत चढ. मंदिराचा कळस दिसेपर्यंत हेच. आणि परतीला हे सगळं पुन्हा चढायचं असतं, हे वेळापत्रक करताना कोणी धरतच नाही. 'उतरायला निम्मा वेळ' हा नेहमीचा हिशेब इथे चालत नाही. रेलिंगच्या माथ्यापासून मंदिरापर्यंत जाताना अडीच-तीन तास लागले तर येतानाही सव्वादोन-अडीच धराच.

तेव्हा संथ चालणाऱ्यांच्या वेगाने असं मांडा:

खिरेश्वर ६:००, टोलार खिंड ७:१५, रेलिंग संपवून पठारावर ८:००, मंदिर १०:४५. केदारेश्वराची गुहा, पुष्करणी आणि खाणं मिळून पाऊण तास. तारामती जाऊन-येऊन दीड तास, म्हणजे १:००. कोकणकडा अर्धा तास जायला, तिथे अर्धा तास, मंदिराकडे परत २:३०. रेलिंगच्या तोंडाशी ५:००, खिंड ५:३०. त्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. म्हणजे रेलिंग उजेडात उतरता आणि खिंडीखालची मळलेली वाट संधिप्रकाशात. याहून जास्त सैल सोडायला जागाच नाही.

१०:४५ चे ११:३० झाले तर तारामती गाळायची. हे आदल्या रात्रीच पाचही जणांनी ठरवून ठेवा, वर गेल्यावर वाद घालायला सगळ्यांनाच वेळ असतो. अडीचला मंदिर सोडायचं म्हणजे सोडायचं.

साडेआठला सुरुवात करायची असेल तर हा ट्रेक एका दिवसाचा नाहीच. आदल्या संध्याकाळी खिरेश्वरात पोचा, गावात घरगुती राहण्या-जेवणाची सोय होते. खुबी फाटा ते गाव धरणाच्या भिंतीवरून चार-पाच किलोमीटर आहे. पहिल्या एसटीने येणारे ती तंगडतोड हिशेबात धरायला विसरतात.

माळशेजपार
वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. वाट आणि रेलिंगबद्दल माझी भर.

खिंडीत व्याघ्रशिल्प आहे, तीच पक्की खूण. तिथून सरळ पलीकडे उतरणारी वाट कोथळ्याला जाते. गडाची वाट डावीकडे वर चढते आणि लगेच कातळटप्पा लागतो. पहाटे अंधारात निघालेले गट समोरची मोठी वाट धरून कोथळ्याकडे उतरू लागतात, तेवढं सांभाळा. खिरेश्वरातून जुन्नर दरवाजाची म्हणून आणखी एक वाट वर जाते. ती कमी वापरातली आणि गवतात हरवणारी आहे, माहीतगार सोबत नसेल तर तिच्या नादी लागू नका.

रेलिंगच्या टप्प्याला डिसेंबरात दोर लागत नाही. पायऱ्या आणि खोबणी भरपूर आहेत. पण रेलिंगवर सगळा भार टाकू नका. आधी हलवून बघायचं, एक हात लोखंडाला, दुसरा कातळाला. उतरताना जिथे उंच पाऊल येतं तिथे तोंड कातळाकडे करायचं. हातातल्या काठ्या आधी मिटून सॅकला बांधा. मनगटात अडकवलेली काठी पायात आली की माणूस तोल सोडतो. दोन माणसांत अंतर ठेवा, वरच्याच्या बुटाने सुटलेला दगड खालच्याच्या डोक्यात येतो.

डिसेंबरातला खरा शत्रू वाळकं गवत. पठाराच्या उतारांवर ते वाटेवर आडवं पडतं, खाली मुरूम असतो आणि पाय गवतासकट सरकतो. तळव्याच्या खाचा झिजलेले धावायचे बूट इथे फजिती करतात. टाच आपटत उतरू नका, पाय थोडा तिरका आणि गुडघा वाकवून टाका.

माकडं खिंडीच्या आसपास असतात. तिथे खाऊ काढायचा नाही, प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज झाला तरी ती येतात. सॅकच्या बाजूच्या खिशातली केळी तर गेलीच समजा.

पाणी: गावातून निघताना माणशी ३ लिटर. मंदिराजवळच्या टाक्यात पाणी मिळतं, तिथे पुन्हा २ भरा, परतीच्या पठारावर भरवशाचं पाणी नाही आणि दुपारचं ऊन पाठीवर असतं. टाक्याचं पाणी आधी फडक्याने गाळा आणि मगच क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळावरच खर्ची पडतं, म्हणून हा क्रम. शनिवार-रविवारी वर लिंबूपाणी, झुणका-भाकर मिळते, पण आडवारी त्या भरवशावर जाऊ नका. तीनपैकी एका बाटलीत ओआरएस ठेवा. पोटऱ्यांत गोळे येतात ते बहुतेक परतीच्या पठारावरच.

सुमेधा_का
एवढी धावपळ करण्यापेक्षा गडाच्या दुसऱ्या बाजूच्या पाचनई गावातून का जात नाही? दोन-अडीच तासांत मंदिर, सावली जास्त, वाट चुकायचा प्रश्न कमी. कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सूर्यास्त हवाच असेल तर पाचनई हाच पर्याय. तो पाहूनही बॅटरीच्या उजेडात दीड-दोन तासांत खाली येता येतं.

आणि कड्याबद्दल एक. तो आत वळलेला आहे, म्हणजे काठावर उभं राहिल्यावर पायाखाली काय आहे ते आपल्याला दिसत नाही. काठाच्या गवतावर पाय नको, उघड्या कातळावर पोटावर झोपून डोकं पुढे काढायचं. सॅक मागे ठेवून या, खालून येणारा वारा कधीकधी माणसाला हलवतो.

कातळवेडा
@सुमेधा_का, पाचनई सोपी आहे हे मान्य. पण त्यांना दमवणारा दिवस हवाय आणि ते कल्याणच्या बाजूने येतायत. खिरेश्वरहून चढून पाचनईला उतरणं हा मधला मार्ग आहे, त्यात परतीचं पठार वाचतं. मात्र स्वतःची गाडी असेल तर ती खिरेश्वरातच राहते आणि रस्त्याने ओतूर-ब्राह्मणवाडा-कोतूळ असा भलामोठा वळसा पडतो. एसटीने येणाऱ्यांनी पाचनईत जीप आधीच सांगून ठेवली असेल तर उत्तम.

नाळवाट
नळीच्या वाटेबद्दल. ती वाट बेलपाड्याहून, म्हणजे कोकणतळातून सुरू होते. चढ हजार मीटरच्या घरात आणि तोही एका अरुंद नाळेतून, पायाखाली सुटे धोंडे. चाल वेगवान असली तरी वर पोचेपर्यंत दिवस जातो. मधल्या कातळटप्प्यांवर दोर लावावा लागतो, म्हणजे तो बांधणारं माणूस हवं, शिवाय हार्नेस आणि हेल्मेट. पाच जणांच्या गटात प्रत्येक टप्प्यावर चौघे थांबून राहतात आणि वेळ तिथे जातो. नाळेतून बाजूला सुटायला वाट नाही, अर्ध्यात कोणी गळपटलं तर पडलेले धोंडे तुडवत तेवढंच खाली. वेगळा बेत आखा, वर मुक्काम धरून आणि माहीतगार घेऊन.

डोंगरयात्री_डोंबिवली
सगळ्यांचे आभार. नळी बाद, सूर्यास्त बाद. आदल्या रात्री खिरेश्वर, सहाला सुरुवात, मंदिर अडीचला सोडणार. एकच शंका: पठारावर कोणाचा गुडघा गेला किंवा पाय मुरगळला तर?

माळशेजपार
कुठे गेला त्यावर ठरवायचं. रेलिंग संपून तासाभराच्या आत असाल तर मागे फिरा. त्यापुढे असाल तर मंदिराकडे न्या आणि पाचनईला उतरवा. खिरेश्वरहून आलो म्हणून खिरेश्वरलाच न्यायचं, या हट्टापायी दुखऱ्या पायाने अख्खं पठार आणि शिवाय रेलिंग असा प्रकार होतो. पाचनईची वाट निम्म्या वेळाची आहे आणि खाली गाडीरस्ता आहे, तिथून जीप राजूरला किंवा कोतूळला नेते. म्हणून पाचनईतल्या एखाद्या जीपवाल्याचा नंबर आधीच मिळवून वहीत लिहून ठेवा.

फोनला बऱ्याच ठिकाणी रेंज नसते. नकाशा आणि वाटेचा ट्रॅक घरूनच उतरवून घ्या. विमान मोडवर जीपीएस चालतं आणि बॅटरी दिवसभर पुरते. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा हेल्पलाइन नंबर दोघांच्या तरी फोनमध्ये हवा. घरी एकाला वेळापत्रक देऊन ठेवा: रात्री आठपर्यंत फोन आला नाही तर खिरेश्वरात जिथे राहिलात त्यांना विचारायचं.

क्रेप बँडेज दोन घ्या, एक पुरत नाही. आणि हेडलॅम्प प्रत्येकाला. मोबाइलचा टॉर्च धरला की एक हात अडकतो आणि रेलिंगवर नेमका तोच लागतो.