2.39 हवं तर अ‍ॅनामॉर्फिकच कशाला? वरखाली कापा की!

भिंगवाला:
2.39 म्हणजे चौकटीची रुंदी उंचीच्या 2.39 पट. अ‍ॅनामॉर्फिक म्हणजे चित्र आडवं दाबून टिपणारं भिंग; त्याचा जन्म अडचणीतून झाला. 35 मिमी फिल्मची चौकट चौकोनाकडे झुकणारी, पडदा हवा लांब. आंरी क्रेतियाँने 1920च्या दशकात बनवलेलं भिंग चित्र आडवं दाबायचं, प्रोजेक्टरवरचं भिंग ते पुन्हा पसरवायचं. टीव्हीमुळे घटलेला प्रेक्षक ओढायला फॉक्स स्टुडिओने 1953 साली त्यावरच सिनेमास्कोप हे रुंद पडद्याचं तंत्र उभं केलं. आता सेन्सरच आडवा आहे. 3840 बाय 2160 मधून 1607 ओळी ठेवल्या की झालं 2.39. उरलेल्या 553 ओळींत चौकट वरखाली सरकवायची सोय फुकटात. मग कडांना मऊ पडणारं ते जड धूड कशाला उचलायचं?

आडवी रेघ:
सहमत नाही. फुकटात कसली, चौथा हिस्सा कचऱ्यात गेला की! फिल्मवर फरक आणखी बोचतो. सुपर 35 (35 मिमी फिल्मची पूर्ण रुंदी वापरणारी पद्धत) मधून कापलेली चौकट साधारण 24 बाय 10 मिमी, अ‍ॅनामॉर्फिकची 21 बाय 17.5, म्हणजे दीडपट जागा. ग्रेन, म्हणजे फिल्मचे दाणे, तेवढा कमी दिसतो. शिवाय 2x ची, म्हणजे चित्र निम्म्या रुंदीत दाबणारी, 50 मिमी लेन्स रुंदी 25 ची दाखवते, पण फोकसची खोली 50 चीच. घरातली अख्खी खोली चौकटीत मावते, तरी मागची भिंत विरघळते. कापून हे येत नाही.

भिंगवाला:
कचऱ्याचं म्हणताय तर हिशोब करा. 16:9 सेन्सरवर 2x लावलीत की चित्र 3.56:1 होतं. 2.39 साठी रुंदीचा एक तृतीयांश भाग तुम्हीच फेकता!

आडवी रेघ:
म्हणून 2x ला 4:3 सेन्सर लागतो. 16:9 वर 1.33x लावा, 2.37 मिळतं. मात्र अ‍ॅनामॉर्फिकची खूण म्हणजे फोकसबाहेरचे अंडाकृती दिवे, ते त्यात जेमतेम अंडाकृती होतात, हे मान्य.

जुनी रीळ:
कापण्याची युक्ती काही डिजिटलची नाही. 1960 च्या दशकातल्या टेक्निस्कोप पद्धतीत साध्या लेन्सने, फिल्मच्या कडेच्या चारऐवजी दोनच छिद्रांएवढ्या उंचीची चौकट घ्यायचे, फिल्म निम्मी लागायची. पण थिएटरची प्रिंट अ‍ॅनामॉर्फिकच, त्यामुळे मोठं करताना ग्रेनही मोठा व्हायचा.
जाता जाता: सिनेमास्कोप सुरुवातीला 2.55 होतं, ऑप्टिकल ध्वनिपट्टीला जागा द्यावी लागली म्हणून 2.35 झालं. 1970 च्या सुमारास फिल्मच्या तुकड्यांचे जोड झाकायला प्रोजेक्टरच्या खिडकीची उंची किंचित कमी केली, तेव्हाचं हे 2.39.

फोकसपुलर:
साध्या लेन्सपुढे अ‍ॅनामॉर्फिक अ‍ॅडॅप्टर लावणाऱ्यांसाठी. आधी समोर मोबाईलचा टॉर्च धरा आणि प्रकाशाची जी आडवी निळी रेघ उमटते ती सेन्सरच्या कडेला समांतर येईपर्यंत अ‍ॅडॅप्टर फिरवा. एक अंश चुकला तरी उभे खांब तिरके होतात आणि पसरवल्यावर ते दुरुस्त होत नाहीत. मग स्क्रू घट्ट करा. दोन फोकस रिंगा असतील तर दोन्ही एकाच अंतरावर हव्यात. अ‍ॅपर्चर f/4 च्या आसपास ठेवा, जास्त उघडं ठेवलंत तर कडा चिखल. मीटरभराच्या आत जायचं तर पुढे डायॉप्टर, म्हणजे जवळचं फोकस करून देणारी काच, लावा.
जुन्या सिनेमास्कोप लेन्समध्ये जवळ गेलं की दाब घटायचा, पण प्रोजेक्टर पूर्ण दुप्पटच पसरवायचा. म्हणून क्लोजअपमध्ये गाल सुजलेले दिसत. पॅनाव्हिजन या लेन्स कंपनीने फिरत्या दंडगोल भिंगांनी ते सावरलं.

भिंगवाला:
गालापासून खांबापर्यंत इतकी उठाठेव करून हातात काय येतं, तर निळी रेघ!

फोकसपुलर:
तुमच्या 553 ओळींत बूम माइक (काठीवरचा माइक) लटकत असतो, तो बघा आधी. उद्या कुणी टीव्हीसाठी 16:9 मागितलं की प्रत्येक शॉटमधून पुसत बसाल.