टॅबलेटवरचं जीपीएस आणि ढगातलं विमान

म्हापशाच्या मित्राने विचारलंय: टॅबलेट चार-पाच मीटरपर्यंत अचूक जागा दाखवतो, मग विमानात मान्यताप्राप्त महागडं जीपीएस युनिट कशाला? प्रश्न रास्त आहे, पण मान्यता नुसत्या अचूकतेला नसते. उपग्रहाकडून चुकीचा संदेश आला तर यंत्र वैमानिकाला वेळेत सावध करतं का, हा खरा मुद्दा. जागा ठरवायला 4 उपग्रह पुरतात, चूक ओळखायला 5 लागतात आणि चुकार उपग्रह वगळायला 6. टॅबलेट ही पडताळणी करून इशारा देत नाही.

जुलैत वास्कोला आमच्या गच्चीवरून समोरची माडांची रांगही दिसेनाशी होते, दाबोळीला उतरणाऱ्या विमानाचा नुसता आवाज येतो. आत बसलेल्यांची मला खरंच काळजी वाटते.

विमानातल्या जीपीएस युनिटसाठी अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाचं, म्हणजे एफएएचं, टीएसओ-सी129 हे मानक 1992 चं. नंतरच्या सी146 मानकाची युनिटं आपल्या गगनसारख्या, म्हणजे जीपीएसच्या चुका दुरुस्त करणारे संदेश उपग्रहावरून पाठवणाऱ्या प्रणालीचे दुरुस्ती-संदेशही वाचतात. 2015 मध्ये डीजीसीएने (आपल्या विमान वाहतूक नियामकाने) गगनला उंचीच्या मार्गदर्शनासह उतरण्यासाठी मान्यता दिली. 2022 मध्ये इंडिगोचं एटीआर विमान राजस्थानातल्या किशनगढला त्याच्या आधारे उतरलं. याचा मला फार अभिमान आहे.

आणखी एक, युनिटवर टीएसओचा शिक्का असला म्हणजे झालं असं नाही. अँटेना कुठे बसवला, इशाऱ्याचा दिवा वैमानिकाच्या नजरेसमोर आहे का, विमानाच्या फ्लाइट मॅन्युअलला (उड्डाण-पुस्तिकेला) त्या युनिटची पुरवणी जोडली का, हे सगळं वेगळं मंजूर करावं लागतं. युनिटमधला हवाई मार्ग-विमानतळांचा डेटाबेसही दर 28 दिवसांनी बदलतो.