लॉबीतला खासदारांचा तक्ता चुकलाय, उतरवा किंवा दुरुस्त करा

तावडे काका (ए-403): सर्व सभासदांना नमस्कार. लॉबीत लिफ्टशेजारी 1 मे निमित्त मुलांनी जो तक्ता लावलाय, "आपले खासदार, 1952 पासून आजपर्यंत", तो कोणी तपासला होता का? सकाळी दूध आणायला उतरलो तेव्हा वाचला. मुलांनी मेहनत घेतली आहे, पण तक्ता चुकीचा आहे.

तावडे काका (ए-403): 1952 ते 2004 या काळातलं एकही नाव आपल्या लालबाग-परळचं नाही. एकही नाही.

सेक्रेटरी राणे: काका, नमस्कार. मुलांचा उपक्रम आहे. कमिटीने फक्त जागा दिली. 🙏

प्रणव (ए-1001): काका, 2009 बघितलंत का तक्त्यात? नुसतं "मिलिंद देवरा" लिहिलंय. मतं लिहा. काँग्रेसचे देवरा 2,72,411. मनसेचे बाळा नांदगावकर 1,59,729. शिवसेनेचे मोहन रावले 1,46,118. दोघांची बेरीज 3,05,847. मराठी मतं फुटली म्हणून देवरा आले.

मृणाल (बी-704): शुभ सकाळ 🌸 आज टाकी साफ होणार आहे ना? किती वाजता?

सानिका (ए-807): काका, तक्ता मी केलाय. स. का. पाटील, जॉर्ज फर्नांडिस, एन. एन. कैलास, रतनसिंह राजडा, मुरली देवरा, जयवंतीबेन मेहता, मिलिंद देवरा, अरविंद सावंत. दक्षिण मुंबईची यादी हीच आहे. आपण दक्षिण मुंबईत मतदान करतो. मग चूक कुठे?

तावडे काका (ए-403): बाळ, आपण दक्षिण मुंबईत 2009 पासून आहोत. मतदारसंघांची फेररचना झाली तेव्हा वरळी, शिवडी, भायखळा हे भाग मलबार हिल, मुंबादेवी आणि कुलाब्याला जोडले. त्याआधी लालबाग-परळ दक्षिण मध्य मुंबईत होतं. मुरलीभाईंना या जागेवर उभ्या असलेल्या आमच्या चाळीतून मत देण्याची सोयच नव्हती. तक्ता मात्र ते आमचे खासदार होते असं सांगतोय.

परब (ए-205): सकाळी सकाळी गजाली सुरू. पाण्याचा बिल भराक कोणाक वेळ नाय.

शहा भाई (बी-2101): तावडेजी, एक मिनिट. तुमचे नव्हते, पण माझे होते. मी खेतवाडीत वाढलो. या बिल्डिंगमध्ये बी विंग पण आहे. आम्ही पण मेंटेनन्स भरतो, ए विंगपेक्षा जास्तच भरतो.

परब (ए-205): आला मेंटेनन्स 😄

तावडे काका (ए-403): शहाभाई, मेंटेनन्सचा इथे काय संबंध? तुमची आठवण तुमच्या जागी खरीच आहे. पण तक्ता लालबागच्या लॉबीत आहे. इथून कम्युनिस्ट नेते डांगे लोकसभेत गेले. 1957 ला संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत मध्य मुंबईतून, 1967 ला पुन्हा. 1984 ला इंदिराबाईंच्या हत्येनंतर राज्यातल्या 48 पैकी 43 जागा काँग्रेसला गेल्या, तेव्हा दक्षिण मध्यने डॉक्टर दत्ता सामंतांना निवडून दिलं. 18 जानेवारी 1982 ला डॉक्टरांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला होता. अडीच लाख कामगार बाहेर पडले होते. दोन वर्षांनी घरात दाणा नव्हता, गिरण्यांना टाळी लागत होती, तरी लोकांनी डॉक्टरांना मत दिलं. हे नाव तक्त्यात नाही. म्हणून बोलतोय.

जाधव ताई (ए-602): काका बरोबर बोलतात. माझे सासरे गिरणीत होते. डॉक्टरांच्या सभेला डबा बांधून जायचे.

प्रणव (ए-1001): डॉक्टरांनी संप मिटवला असता तर गिरण्या वाचल्या असत्या असंही म्हणतात.

तावडे काका (ए-403): कोण म्हणतं? ज्यांनी गिरण्यांच्या जमिनीवर टॉवर बांधले ते म्हणतात.

कुलकर्णी (बी-1803): टॉवरमध्ये बसूनच टाईप करताय ना काका.

तावडे काका (ए-403): हो. माझ्या चाळीच्या जागेवर बसून टाईप करतोय.

सेक्रेटरी राणे: कृपया वैयक्तिक होऊ नका. टाकी साडेअकरा ते दीड. पाणी भरून ठेवा.

मृणाल (बी-704): धन्यवाद राणे. बी विंगला पण का?

शहा भाई (बी-2101): तावडेजी, मी भांडत नाही. एवढंच सांगतो, जुनी दक्षिण मुंबई म्हणजे फक्त शेठ लोक नव्हते. स. का. पाटील तीनदा महापौर, केंद्रात मंत्री, 1952 पासून तिथले खासदार, त्यांना हरवणार कोण? आणि 1967 ला एका मंगळूरच्या पोराने हरवलं. 48.5 टक्के मतं घेतली जॉर्जने. मुंबईत आला तेव्हा चौपाटीवर झोपायचा. माझे वडील गुमास्ता होते, शेठ पाटलांचा माणूस, तरी वडिलांनी जॉर्जला मत दिलं.

तावडे काका (ए-403): हे मान्य. मुंबई महाराष्ट्रात जाऊ नये म्हणून पाटील किती अडून बसले होते, ते आमच्या घरात कोणी विसरलं नाही. जॉर्ज निवडून आला तेव्हा आमच्या चाळीत पेढे वाटले होते. मत आमचं नव्हतं, आनंद आमचा होता.

प्रणव (ए-1001): 2009 चं लिहा. देवरा 2,72,411. बाळा + रावले 3,05,847.

जाधव ताई (ए-602): सानिका, 1952 लिहिणारच असशील तर हेही लिही. त्या वर्षी उत्तर मुंबईच्या राखीव जागेवर बाबासाहेब हरले आणि काजरोळकर निवडून आले. परळच्या बीआयटी चाळीत राहिलेला माणूस. त्याची आठवण इथल्या तक्त्यात नसेल तर कुठल्या तक्त्यात असेल?

सानिका (ए-807): ताई, हे मला खरंच माहीत नव्हतं. लिहिते.

कुलकर्णी (बी-1803): मग उद्या कोणीतरी म्हणेल पुण्याचे खासदार पण लिहा.

जाधव ताई (ए-602): कुलकर्णी, हे बोलायची गरज नव्हती.

कुलकर्णी (बी-1803): हा मेसेज हटवला गेला आहे

परब (ए-205): वाचलो आमी सगळ्यांनी.

सेक्रेटरी राणे: ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी आहे. 🙏🙏

तावडे काका (ए-403): राणे, लॉबी सोसायटीचीच आहे. आता शिवसेनेचं ऐका. वामनराव महाडिक कोण होते हे आज इथल्या किती मुलांना सांगता येईल? परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा जून 1970 मध्ये खून झाला. पोटनिवडणूक लागली. एका बाजूला त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई, दुसऱ्या बाजूला महाडिक. महाडिक जिंकले आणि सेनेचा पहिला आमदार झाला. लाल बावट्याचं गिरणगाव भगवं व्हायला तिथून सुरुवात झाली. हेच महाडिक 1989 ला दक्षिण मध्यमधून लोकसभेत गेले. त्यांच्यानंतर मोहन रावले: 1991, 1996, 1998, 1999, 2004. सलग पाच वेळा. कम्युनिस्ट, मग डॉक्टर, मग सेना, सगळं एकाच पट्ट्यात. माझ्या घरात मोठा भाऊ लाल बावटेवाला आणि धाकटा शाखेत. आई दोघांना एकाच ताटात वाढायची आणि म्हणायची, भांडण बाहेर ठेवून या.

शेख सर (बी-1502): तावडे काका, हे फार चांगलं लिहिलंत. मी नागपाड्यात वाढलो, तिकडेही वस्तीत गिरणी कामगार होते, मदनपुऱ्यात तर यंत्रमागही होते. गिरणगाव म्हटलं की लोक फक्त लालबाग-परळ धरतात.

तावडे काका (ए-403): खरं आहे, शेखसर. गिरणीत आमच्या खात्यातले निम्मे विणकर तिकडचे होते.

प्रणव (ए-1001): सर, पण 2024 ला तिकडच्या एकगठ्ठा मतांवरच निकाल लागला ना. भायखळा आणि मुंबादेवी काढा, मग बघा.

शेख सर (बी-1502): प्रणव, का काढायचे? मलबार हिल दुसऱ्या बाजूला गेलं, ते कोणी काढा म्हणत नाही. ठाकरे गटाच्या सावंतांना 3,95,655, शिंदे गटाच्या यामिनी जाधवांना 3,42,982. सगळ्यांची मतं एकाच पेटीत मोजली. दोन्ही उमेदवार मराठी, दोघेही शिवसेनेतूनच आलेले. आमच्या मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या माणसांनी ठाकऱ्यांच्या मशालीवर बटण दाबलं. 1993 च्या दंगलींनंतर हे कोणी सांगितलं असतं तर मी त्याला घराबाहेर काढलं असतं. त्या माणसांना हे बटण दाबताना काय वाटलं असेल याचा विचार कर, आणि मग एकगठ्ठा म्हण.

जाधव ताई (ए-602): 🙏

प्रणव (ए-1001): सर, तुम्हाला उद्देशून नव्हतं.

शेख सर (बी-1502): मग कोणाला उद्देशून होतं?

मृणाल (बी-704): पाणी आत्ताच गेलं. साडेअकरा म्हणाले होते ना??

परब (ए-205): दक्षिण मध्यचा पाणी दक्षिणेक वळवला असात.

सेक्रेटरी राणे: प्लंबरने वॉल्व्ह लवकर बंद केला. बोललोय त्याच्याशी.

शहा भाई (बी-2101): सर, माफ करा, पोरं बोलून जातात. उलटी बाजू पण सांगतो. 2019 ला मुकेश अंबानींनी व्हिडिओत मिलिंद देवरांची बाजू घेतली. आमच्या बाजारात सगळे म्हणाले, झालं काम. देवरा एक लाखाने पडले. पैसेवाल्यांची जागा, पैसेवाल्यांची जागा, असं बाहेर सगळे म्हणतात. मतं मोजली की चाळी आणि मोहल्लेच जास्त निघतात.

तावडे काका (ए-403): आणि वरळीत सावंतांना सात हजारांचीही आघाडी नाही 2024 ला. तिथले आमदार आदित्य ठाकरे. चाळ म्हणजे आपलंच मत, हे कोणीही धरून चालू नये.

प्रणव (ए-1001): 2009 ला पण तेच सांगतोय. 2,72,411 विरुद्ध 3,05,847.

तावडे काका (ए-403): प्रणव, पाठ झालं. पण मराठी मतं फुटली एवढंच म्हणून थांबू नकोस. बाळा नांदगावकरांनी 1995 ला माझगावात छगन भुजबळांना पाडलं होतं. रावले पाच वेळचे खासदार. दोघेही एकाच आखाड्यात तयार झालेले. त्या वर्षी सेनेला मत द्यायचं की मनसेला, यावरून माझी दोन पोरं सहा महिने एकमेकांशी बोलली नाहीत. लोकांनी मनापासून निवड केली होती, कोणी फोडली म्हणून ती फुटली नव्हती.

प्रणव (ए-1001): ठीक आहे काका. पण आकडे तक्त्यात हवेत.

तावडे काका (ए-403): आकडे हवेतच. आणखी एक गोष्ट हवी. खासदाराचं काम काय, हे तक्त्यात कुठेच नाही. उपकर भरणाऱ्या जुन्या इमारती, पागडीची भाड्याची घरं, म्हाडा ही राज्याची कामं. गटार, रस्ता महापालिकेचा. पण इथल्या किनाऱ्याची जमीन पोर्टाची, म्हणजे केंद्राची. शिवडीच्या बीडीडी चाळी, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सरकारी चाळी, पोर्टाच्या जमिनीवर. वरळीच्या बीडीडीतल्या 556 कुटुंबांना ऑगस्ट 2025 मध्ये नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. नायगावला आणि ना. म. जोशी मार्गावर काम चालू आहे. शिवडी मागे राहिली, कारण जमीन दिल्लीच्या हातात. मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला आपण मराठी, गुजराती, मुसलमान विचारतो. शिवडीचं काय, हे लोकसभेला उभ्या राहणाऱ्याला कोणी विचारत नाही. आमच्या सौभाग्यवतींची बहीण तिथे राहते, तिचा जिना मी रोज बघतो.

शेख सर (बी-1502): काका, हे तक्त्याच्या वरच लिहायला हवं.

शहा भाई (बी-2101): सहमत. फक्त जयवंतीबेनना ठेवा. 1996 आणि 1999, दोनदा मुरली देवरांना हरवलं त्यांनी. आणि 2004 ला त्यांच्यासमोर मिलिंद जेमतेम दहा हजारांनी आले. आमच्या घरातल्या बायका पहिल्यांदा प्रचाराला बाहेर पडल्या त्या बेनसाठी.

सानिका (ए-807): शहाकाका, ठेवते. दोन रकाने करते. डावीकडे लालबाग-परळचे, उजवीकडे जुन्या दक्षिण मुंबईचे, आणि 2009 पासून दोन्ही एक. चालेल?

कुलकर्णी (बी-1803): डावीकडे आधी का?

परब (ए-205): कुलकर्ण्यानु, तुमी आधी गाडी डावीकडे लावा. माझ्या जाग्यावर उभी असा.

कुलकर्णी (बी-1803): ती पाहुण्यांची जागा आहे.

परब (ए-205): नंबर वाचा. 205.

सेक्रेटरी राणे: पार्किंगसाठी वेगळा ग्रुप आहे. सानिका, नवीन तक्ता कर, पण चिकटपट्टी लावू नकोस, रंग निघालाय. बोर्डवर पिना लाव.

तावडे काका (ए-403): सानिका, संध्याकाळी सातनंतर घरी ये. महाडिक, सामंत, रावले यांची वर्षं नीट लिहून देतो. शहाभाई, तुम्हीही या, जॉर्जचं 1967 तुमच्याकडूनच ऐकायचंय तिला. शेखसर, मदनपुऱ्याचं तुम्ही सांगा.

शेख सर (बी-1502): येतो. साडेसात चालेल? नमाजनंतर निघतो.

प्रणव (ए-1001): मी पण येऊ का काका?

तावडे काका (ए-403): ये. येताना शेखसरांना घेऊन ये, बी विंगची लिफ्ट बंद आहे.

मृणाल (बी-704): लिफ्ट पण बंद??